कॅमेऱ्याला बसवलेली गुलाबी मूठ

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे मी नाक मुरडायला लागलो की तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. मला नाक नाही हे खरे. पण मला जे जे पाहावे लागले, ते पाहून बिननाकाच्यालाही शिसारी येईल.

मी लहान चणीचा आहे. कोटाच्या खिशात मावतो. माझ्यासारख्या कॅमेऱ्यांना रेंजफाइंडर म्हणतात. माझ्या छोट्या खिडकीतून पाहिले की समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठसठशीत आणि एक पुसट. भिंगाभोवतीची कडी फिरवत गेले की पुसट प्रतिमा हळूहळू सरकते आणि दुसरीवर जाऊन बसते. ती नेमकी बसली की अंतर जुळले. मग कळ दाबायची. टिक्, एवढाच आवाज होतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे कोट घातलेल्या बायका लांबलचक बाकांवर बसून आम्हाला जोडत असत. धुळीचा एक कण दिसला तरी तिथे आरडाओरडा व्हायचा. माझ्या अंगावर बारीक दाण्याचे काळे कातडे बसवले. वरची आणि खालची पट्टी घासून घासून चकचकीत केली. समोरची बाजू मात्र अगदी सपाट ठेवली. तिच्यावर कुठे उंचवटा नाही, खाच नाही, बोट अडकायला जागा नाही. ज्याने माझे रूप ठरवले त्याला माझ्या देखणेपणाची फार काळजी होती. मला धरणाऱ्याच्या बोटांची तेवढी नसावी. त्या वेळी मला त्याचे काहीच वाटले नाही. आपण सुंदर आहोत एवढ्यावरच मी खूश होतो.

एका घड्याळाच्या दुकानाच्या मालकाने मला विकत घेतले. त्याला जुन्या, नाजूक, सुबक यंत्रांचे वेड होते. मऊ फडक्याने तो मला पुसायचा, कानाशी धरून माझा टिक् ऐकायचा आणि परत डबीत ठेवायचा. त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोला नगरपालिकेत अन्न निरीक्षकाची नोकरी लागली, तेव्हा मोठेपणाच्या भरात त्याने मला तिच्या हातात ठेवले.

"वहिनी, ऑफिसचा कॅमेरा म्हणजे नुसतं डबडं असतं. हा घ्या. पण जिवापाड जपा."

वहिनी त्याला भाऊजी म्हणत, म्हणून मीही त्याला भाऊजीच म्हणतो. ऑफिसात वहिनींना सगळे बाई म्हणत. माझे आयुष्य गेले ते या बाईंच्या हातात.

आणि काय आयुष्य, मित्रांनो! मला वाटले होते की मी फुले पाहीन, डोंगर पाहीन, वाढदिवसाला मेणबत्त्या विझवणारी मुले पाहीन. त्याऐवजी मी मोऱ्या पाहिल्या. बाईंचे काम म्हणजे खानावळी, बेकऱ्या, दूधकेंद्रे आणि वसतिगृहांची स्वयंपाकघरे तपासणे. पुढच्या दाराला काच आणि कुंड्या, आणि मागच्या दारी गेले की पायाखाली चिखल. एका बेकरीत मैद्याच्या पिंपात मांजर व्यायली होती आणि पिंपातला मैदा रोज वापरला जात होता. एका दूधकेंद्रात माशा काढण्यासाठी दूध बनियनमधून गाळत होते, आणि ते बनियन नुकतेच कुणाच्या तरी अंगावरून उतरले होते. तळणीचे तेल इतके काळे, की त्यात माझे भिंग मला दिसायचे. प्रत्येक ठिकाणी बाई मला खिशातून काढायच्या आणि टिक्. त्या सगळ्या घाणीची प्रतिमा माझ्या पोटात जायची. फिल्म धुवायला जाईपर्यंत ती तिथेच राहायची.

बाईंचे हात कधी स्वच्छ नसत. पातेल्याचे झाकण उचलायचे, पिठात बोट घालून अळी काढायची आणि त्याच बोटांनी माझी कडी फिरवायची. मला अक्षरशः मळमळायचे. संध्याकाळी घरी आल्यावर त्या मला ओल्या फडक्याने पुसत. पण माझ्या कातड्याच्या दाण्यांत जे जाऊन बसले ते कधी पूर्ण निघाले नाही.

तरी त्यांच्या कामाचे नाव व्हायचे. त्यांचे साहेब फायलीतले फोटो बघून नाक दाबायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचा फोटो बघितला की वास येतो." बाईंना ती शाबासकी वाटायची. मला वाटायचे, हे काय बोलणे झाले!

अशी बरीच वर्षे गेली. मग बाईंचा उजवा अंगठा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले की सांधा झिजला आहे, आता तो पूर्वीसारखा होणार नाही. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखा सपाट कॅमेरा हातात धरून बघा. पुढून बोटे नुसती टेकलेली असतात. सगळा भार मागच्या अंगठ्यावर येतो. अंगठ्याने दगा दिला की मी निसटतो. त्यात बोटांना तेल लागलेले असले तर विचारूच नका. मी त्यांच्या मांडीवर पडलो, फायलीवर पडलो आणि एकदा तर बटाट्याच्या सालींच्या ढिगात तोंडावर पडलो.

बाईंची एकुलती एक मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने आईच्या हातातून मला पडताना एकदा घरीच पाहिले. पुढच्या सुट्टीला भाऊजी चहाला आले तेव्हा तिने विषय काढला.

"काका, आईच्या कॅमेऱ्याला ग्रिप बसवायची म्हणते मी. पुढच्या बाजूला, बोटं अडकतील अशी."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "काय बसवायची?"

"ग्रिप. मूठ."

"अगं, तू कवळ्या बनवतेस ना? मग कवळ्याच बनव. त्याच्या अंगाला गोंद फासणार? भोकं पाडणार? इतकी देखणी वस्तू आहे ती. एकदा मूळ रूप गेलं की गेलं."

"मूळ रूप राहील हो काका, पण आईच्या हातात नाही राहणार. परवा सालींत पडला."

"मग वहिनींनी जरा जपून धरावा."

"जपूनच धरते, भाऊजी," बाई म्हणाल्या. "अंगठा ऐकत नाही त्याला काय करू?"

"गळ्यात अडकवा."

"अडकवते की. खाली वाकलं की पातेल्यात लोंबकळतो."

मी टेबलावर बसून सगळे ऐकत होतो आणि मनातून भाऊजींच्या बाजूने होतो. माझ्या सपाट अंगावर आवाळू उगवल्यासारखी मूठ! तिच्या नुसत्या कल्पनेने मला शहारा आला. शेवटी बाईंनी मधला मार्ग काढला. दवाखान्यात जखमेवर लावतात ती चिकटपट्टी त्यांनी माझ्या उजव्या अंगाभोवती गुंडाळली. भाऊजींनी तिकडे पाहिले नाही, आणि मीही पाहिले नसते तर बरे झाले असते. थोड्याच दिवसांत त्या पट्टीच्या कडा सुटल्या. सुटलेल्या गोंदावर पीठ, केस, काजळी आणि झुरळाचा एक पाय येऊन चिकटला. तो पाय घेऊन मी गावभर फिरत होतो.

त्याच सुमारास परिचारिका होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या वसतिगृहातून तक्रार आली. मुलींना उलट्या होत होत्या, जुलाब होत होते. तक्रार करणारी मुलगी जाड चष्मा लावायची, मैत्रिणी तिला चष्मेवालीच म्हणत. तिने ऑफिसात येऊन सांगितले, "बाई, आम्ही रोग्यांची काळजी घ्यायला शिकतोय आणि आमच्यातल्याच निम्म्या अंथरुणाला खिळल्यात. मेसचा कंत्राटदार म्हणतो, पोरी बाहेरचं खातात."

बाई शिपायाला घेऊन गेल्या. कंत्राटदार गोड बोलणारा होता. इस्त्रीचा सदरा, अत्तराचा वास, सारखे हात जोडणे. त्या अत्तराखाली कुजका वास दबून होता आणि मला त्या दोन्ही वासांची सारखीच घाण वाटली. बाईंनी दुधाचे, तेलाचे, भाताचे नमुने घेतले. बरोबर आणलेल्या बाटल्या तिथेच संपल्या. मग त्या गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेल्या. शिपायाला उंचीची भीती, तो खालीच थांबला. टाकीला लोखंडी शिडी होती. बाई शिडीवर चढल्या, फुटके झाकण सरकवले आणि "अगं आई गं!" म्हणाल्या.

आत मेलेली कबुतरे तरंगत होती. किती दिवसांची होती देव जाणे. पिसे सुटून पाण्यावर साय धरावी तशी पसरली होती.

बाईंनी एक हात शिडीच्या दांडीत अडकवला. टाकीच्या तोंडातून आत हात घालता यावा म्हणून माझा पट्टा गळ्यातून काढला आणि मला एकाच हातात धरून आत नेले. त्यांची बोटे तेलकट होती. चिकटपट्टी आधीच सैल झाली होती. भार येताच ती सालीसारखी सोलून निघाली आणि बाईंच्या अंगठ्यात एक कळ उठली. अंगठा वाकला. मी सुटलो.

मित्रांनो, त्या पाण्याचे वर्णन करायला लावू नका. ते माझ्या भिंगात शिरले, कडीत शिरले, फिल्मपर्यंत गेले. एक कबुतर माझ्यावर हळूच येऊन टेकले. कंत्राटदाराच्या माणसाने मला बादलीने बाहेर काढले. कंत्राटदार हात जोडून म्हणाला, "अरेरे, केवढं नुकसान झालं बाई तुमचं! तुम्ही आता घरी जा, आराम करा." बाई नमुन्याच्या बाटल्या आणायला ऑफिसात गेल्या आणि परत आल्या, तोवर टाकी रिकामी करून, घासून, चुना मारून झाली होती. झाकणसुद्धा नवे होते. साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारले, "बाई, कबुतरांचा फोटो?" फोटो नव्हता. बाकीच्या नमुन्यांत काही सापडले नाही. प्रकरण तिथेच मिटले असे सगळ्यांना वाटले.

मला एका दुरुस्तीवाल्याने उघडले, वाळवले, तेलपाणी केले. त्याच्या दुकानातून भाऊजींनी मला परस्पर आपल्या घरी नेले. बाई लेकीला घेऊन मागोमाग तिथे आल्या.

"वहिनी, आता हा माझ्याकडेच राहू द्या," भाऊजी म्हणाले. "तुम्ही ऑफिसचं डबडं वापरा. हा अशा जागी न्यायचा कॅमेराच नाही."

"मग कुठल्या जागी न्यायचा आहे?" बाईंनी विचारले.

"तसं नाही. पण वस्तूचा काही मान असतो."

त्या दुपारी बाई रुग्णालयातून आल्या होत्या. चष्मेवालीला तिथे भरती केले होते. तिच्या अंगात पाणी राहत नव्हते, डोळे खोल गेले होते. चष्मा उशाशी काढून ठेवलेला होता. तिने बाईंना ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, फोटो मिळाला का?" बाईंनी नाही म्हणून सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "टाकी धुतली, तरी पाण्याला तोच वास येतोय. खालून येतो. पंप चालू झाला की जास्त येतो."

हे सगळे बाईंनी भाऊजींना सांगितले. मग म्हणाल्या, "हा माझ्या खिशात मावतो. आवाज करत नाही. त्या लोकांना कळायच्या आत फोटो निघतो. ऑफिसचा कॅमेरा काढला की सगळे झाडू घेऊन धावतात. मला हाच पाहिजे. आणि तो माझ्या हातात राहिला पाहिजे. तुम्हाला तो दाखवायचा आहे, मला तो धरायचा आहे. आता काय ते बोला."

भाऊजींनी मला उचलून बुडाकडून पाहिले. मग म्हणाले, "गोंद नाही लावायचा. भोक नाही पाडायचं."

"नाही पाडणार," लेक म्हणाली. "त्याच्या बुडाला तिपाई अडकवायची खाच आहे ना, तिथेच स्क्रूने पट्टी बसवीन. काढली की काका, तुमचं मूळ रूप परत."

अशा रीतीने माझ्या नशिबी मूठ आली. आणि कसली मूठ! लेकीने दातांचा ठसा घ्यायची पूड पाण्यात कालवली. त्या लिबलिबीत लगद्याला पेपरमिंटचा वास होता. तो लगदा तिने माझ्या पुढच्या अंगावर, पातळ कागद मध्ये घालून, थापला आणि आईला मला धरायला सांगितले. बाईंच्या बोटांमधून तो लगदा पचकन बाहेर आला. मला उमासे येत होते. त्या ठशावरून तिने साचा केला आणि साच्यात कवळीचे सामान ओतले. कवळीचे सामान कुठल्या रंगाचे असते, मित्रांनो? हिरड्यांच्या रंगाचे! गुलाबी, ओलसर दिसणारे, चकाकणारे. प्रयोगशाळेत दुसरा रंगच नव्हता.

मूठ बसवून झाल्यावर भाऊजी बघायला आले. त्यांनी मला हातात घेतले नाही.

"हिरड्या," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला हिरड्या आल्या."

"दात पण लावू का काका?" लेक हसत म्हणाली.

भाऊजींना हसू आले नाही. मलाही नाही. आरशात मी स्वतःला पाहिले. माझ्या काळ्या कातड्याच्या कडेला ते गुलाबी मांस चिकटले होते, आणि त्यावर बाईंच्या चार बोटांच्या चार खळग्या उमटल्या होत्या. मागे अंगठ्याजवळ एक छोटा टेकू होता, म्हणजे दुखऱ्या सांध्यावर भार न येता तळहातावर यावा. मला वाटले, एकेकाळी धुळीच्या कणावरून जिथे आरडाओरडा व्हायचा तिथून मी कुठे येऊन पडलो!

बाईंनी मात्र मला उचलले, हात उलटा केला आणि बोटे सैल सोडली. मी पडलो नाही. त्यांनी हात हलवून बघितला. मी तरी पडलो नाही. "बरं झालं," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा वसतिगृहात गेल्या. या वेळी त्या स्वयंपाकघराकडे वळल्याच नाहीत. पंपाचा पाइप कुठे जातो ते बघत बघत सरळ धान्याच्या कोठीत शिरल्या. कोपऱ्यात तेलाचे डबे रचून ठेवले होते आणि पाइप त्यांच्या मागे जमिनीत जात होता.

"खाली काही नाही, बाई," कंत्राटदार घाईघाईने आत आला. "जुना हौद आहे. बंद आहे."

"मग पाइप कशाला गेलाय त्यात?"

"तो पण जुनाच."

बाईंनी शिपायाला डबे हलवायला सांगितले. शिपायाने या वेळी मागे-पुढे पाहिले नाही, जमीन ही उंची नव्हे. डब्यांखाली लोखंडी झाकण निघाले. झाकण उचलल्याबरोबर शिपाई तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळला. हौदाचे तोंड एवढे अरुंद होते की माणसाचे डोके आणि हात एकाच वेळी आत जाणार नाहीत. बाईंनी बॅटरीने आत पाहिले. मग माझ्या माथ्यावर छोटा फ्लॅश बसवला, अंदाजाने माझी कडी फिरवून अंतर लावले आणि त्या ओल्या, चिकट जमिनीवर पालथ्या पडल्या. त्यांचा गाल फरशीला टेकला. उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्या हाताच्या टोकाला मी होतो.

आत काय होते ते आता सांगतोच. संडासाचा पाइप भिंतीतून जात होता आणि तो फुटला होता. फुटलेल्या जागेतून थेंब थेंब गळत होते, आणि जिथे गळत होते तिथे त्या मुलींचे पिण्याचे पाणी होते. पाण्यावर करडी साय होती. भिंती हलत होत्या. मला आधी वाटले माझे भिंग बिघडले. मग कळले की भिंतींवर झुरळेच झुरळे आहेत, एकावर एक, ओली आणि लालसर. आणि हे पाणी पंपाने वर जात होते, टाकीत पडत होते, नळाला येत होते. रोज. कंत्राटदाराच्या माणसांना ते ठाऊक होते, कारण फुटक्या जागेवर कुणीतरी चिंध्या बांधल्या होत्या.

टिक्.

बाईंनी मला वर काढले, फिल्म पुढे सरकवली आणि परत खाली नेले.

"अहो बाई, उठा, कपडे खराब होतायत तुमचे," कंत्राटदार शेजारी उकिडवा बसला. "द्या इकडे. मी काढून देतो ना फोटो."

"हात लावू नका."

"तुम्हाला झेपत नाही हो. मागच्या वेळी पण पडला. चला, उठा बघू." असे म्हणत त्याने बाईंचा कोपर धरला आणि उठवण्याच्या बहाण्याने जोरात हिसका दिला.

मित्रांनो, मी मूठ न बसवलेला, सपाट आणि देखणा असतो, तर त्या हिसक्यासरशी खाली गेलो असतो. बाईंची बोटे त्या गुलाबी खळग्यांत रुतून बसली होती. हात हलला, मी सुटलो नाही. टिक्. तो फोटो जरा तिरका आला, पण फुटका पाइप, चिंध्या, गळणारा थेंब आणि पंपाची नळी असे सगळे एकाच चौकटीत आले.

"शिपाई," बाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "यांनी माझा हात ओढला ते पाहिलंत ना?"

"पाहिलं बाई," शिपाई म्हणाला. "साहेबांना सांगतो."

या वेळी पाण्याच्या बाटल्याही भरल्या. साहेबांनी फोटो पाहिले आणि वासाबद्दल काही बोलले नाहीत. खुर्ची मागे सारून ते नुसते उठले. मेस त्याच दिवशी बंद झाली, पाणी तोडले, मुलींना टँकरने पाणी सुरू झाले. सुनावणीत कंत्राटदार म्हणाला की त्याला काही माहीतच नव्हते. मग त्याला चिंध्यांचा फोटो दाखवला. त्याचा परवाना गेला आणि पुढे शिक्षाही झाली. चष्मेवाली बरी झाली, पण बरेच दिवस लागले आणि तिची परीक्षा हुकली. ती नंतर एकदा बाईंना भेटायला आली. तिने मला पाहिले आणि म्हणाली, "ई, हे काय लावलंय?" मला ती मुलगी पटली.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी ती मूठ घालून काम केले. एकदाही पडलो नाही. मग फिल्म मिळेनाशी झाली, ऑफिसात सगळ्यांकडे फोन आले, बाई निवृत्त झाल्या. माझ्याकडे कुणी बघेना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता तरी द्या," आणि बाईंनी मला देऊन टाकले.

घरी नेल्या नेल्या भाऊजींनी स्क्रू फिरवला, मूठ काढली आणि दोन बोटांत लांब धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला वाटले होते, मला हायसे वाटेल. मग त्यांनी दात घासायच्या ब्रशने माझ्या कातड्याच्या दाण्यांमधला सगळा मळ काढला. पीठ, काजळी, तेल, सगळे. मला काचेच्या कपाटात दिव्याखाली बसवले. तिथे अजून बरेच कॅमेरे होते, सगळे चकचकीत, सगळे मुके.

दर महिन्याला भाऊजींचे मित्र येतात. पांढरे हातमोजे घालून आम्हाला बाहेर काढतात. मूठ बसवावी की न बसवावी यावर वाद घालतात. लाकडाची चालेल, कातड्याची चालेल, रबराची म्हणजे पाप. तासन्‌तास बोलतात. त्यांच्यातल्या एकानेही कुठल्याच कॅमेऱ्याने काही टिपलेले मी पाहिले नाही. मला त्या मोज्यांचा स्पर्श सहन होत नाही. थंड, कोरडा, घाबरट स्पर्श! मी आयुष्यभर घाणीत फिरलो. पण या मोज्यांची जेवढी किळस मला येते तेवढी त्या हौदाची आली नव्हती. आणि एवढी निगा राखूनही माझ्या भिंगाच्या आत बुरशीने जाळे धरले आहे. मी कधी उघडलाच जात नाही, मग दुसरे काय होणार? वरून मी आरशासारखा आहे, आतून कुजतो आहे.

मागच्या वेळी बाई घरी आल्या होत्या. आता त्या काठी घेऊन चालतात. कपाटापुढे थांबल्या. माझ्यापुढे भाऊजींनी सुबक अक्षरात एक पाटी लावली आहे. बाईंनी चष्मा वर करून ती वाचली. "मूळ रूपात. उत्तम स्थिती. क्वचितच वापरलेला."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे."

"तशी लिहायची पद्धत असते, वहिनी."

"क्वचितच वापरलेला?"

"म्हणजे तसा दिसतो, असं."

बाईंनी कपाट उघडले. भाऊजी मोजे शोधायला धावले, तोवर बाईंनी मला उघड्या हातात घेतले होते. अंगठा आता पारच वाकडा झाला आहे, त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले. कळ दाबून पाहिली. टिक् झाले नाही. आतले काहीतरी अडकले आहे.

"बंद पडलाय हा," त्या म्हणाल्या.

"पण बघा ना, किती चकचकीत आहे!" भाऊजी मोजे चढवत म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितले, मग त्यांच्याकडे बघितले आणि मला जागेवर ठेवले. माझ्या वरच्या पट्टीवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते, चांगले ठळक. त्या दाराबाहेर पडल्या आणि भाऊजींनी फडके आणले. एकदा पुसले. उजेडात धरून बघितले. पुन्हा पुसले.

तर मित्रांनो, माझे तुमच्याजवळ एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जपा, पण ती बंद पडेपर्यंत जपू नका. तिला बाहेर काढा, चिखलात न्या, तेलकट हातांनी धरा आणि संध्याकाळी पुसा. ती हातातून निसटायला लागली तर आधी हाताकडे बघा, कुठे दुखते ते विचारा, आणि लागेल ती मूठ बसवा. गुलाबी मिळाली तर गुलाबी बसवा. तिला काय शोभते ते वस्तूला विचारत बसू नका. मला विचारले असते तर मी नाहीच म्हणालो असतो.